टाळलेला पट्टा

सोमवारी सकाळी दुसरी कॉफी हातात होती, तेवढ्यात हरिणीची मेल आली, आणि तिच्यात लिहिलं होतं की माझं माझ्याशीच पटत नाही. शब्द अर्थात इतके उघडे नव्हते. हरिणी बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत असते, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, आणि मला अजून मॅडम म्हणते, कारण कधीकाळी मी तिला इथं म्हैसूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवलं. तिनं लिहिलं होतं, मॅडम, आपल्या नियमाप्रमाणे तुम्ही पूर्वी बघितलेली एकशे चाळीस चित्रं तुम्हाला न सांगता मधूनमधून पुन्हा दाखवली. त्यांतल्या एकसष्ट चित्रांना तुम्ही या महिन्यात दिलेलं उत्तर तुमच्याच आधीच्या उत्तराच्या उलट आहे. काही कारण सुचतंय का? बुधवारपर्यंत कळवाल? खाली तक्ता होता. आधी 'आहे', आता 'नाही'. आधी 'आहे', आता 'नाही'. एकसष्ट ओळी, आणि एकसुद्धा दुसऱ्या बाजूनं पडलेली नाही. मी नुसती वेंधळी झाले असते तर चुका थोड्या इकडे, थोड्या तिकडे झाल्या असत्या. इथं एक बाई ठामपणे 'आहे' म्हणून गेली होती आणि दुसरी बाई येऊन तितक्याच ठामपणे 'नाही' म्हणत होती, आणि दोघींचं नाव सौम्या, राहणार सरस्वतीपुरम. मी चिडले. आधी हरिणीवर, मग त्या नियमावर, आणि तो नियम मीच भांडून घालायला लावला होता हे आठवल्यावर चिडायला कुणी उरलं नाही. कॉफी निवून गेली होती ती तशीच प्याले.

काम काय ते सांगते, नाहीतर आमच्या गल्लीतल्या बायकांसारखं तुम्हालाही वाटायचं की ही रिटायर झालेली बाई दिवसभर कंप्युटरवर पत्ते खेळते. आपण ज्या आकाशगंगेत राहतो तिच्यातच इतकी धूळ आहे की तिच्या पलीकडच्या दीर्घिका, म्हणजे दुसऱ्या आकाशगंगा, दिसत नाहीत. घरात राहणाऱ्या माणसाला घराच्या भिंतीपलीकडचं दिसत नाही, त्यात नवल काही नाही. पण आकाशाचा चांगला मोठा पट्टा असा झाकलेला आहे, आणि जुन्या खगोलवाल्यांनी त्याला सरळ 'टाळायचा पट्टा' म्हणून टाकलं. तिथं बघायचंच नाही, बघून उपयोग नाही, बाकीचं आकाश काय कमी आहे. मग अवरक्त किरणांच्या दुर्बिणी आल्या. हे किरण डोळ्याला दिसत नाहीत, पण धुळीतून बरेचसे निसटून येतात. आता त्या टाळलेल्या पट्ट्याची लाखो चित्रं काढून झाली आहेत. संगणक त्यांतले संशयित ठिपके वेचून देतो आणि शेवटी माणसानं बघून सांगायचं असतं की ही खरोखर पलीकडची दीर्घिका आहे की आपल्याच घरातले दोन तारे एकमेकांना चिकटून तसे दिसतात. चित्राला रंग आम्हीच देतो. धुळीत जास्त अडकणाऱ्या किरणांना निळा, कमी अडकणाऱ्यांना तांबडा. म्हणून जे खूप धूळ ओलांडून आलंय ते तांबूस दिसतं. तांबूस असेल, कडा विरत गेल्या असतील, तर 'आहे' हे बटण दाबायचं. नसेल तर 'नाही'. तिसरं एक बटण आहे, 'सांगता येत नाही' म्हणून. तीन वर्षांत मी ते एकदाही दाबलेलं नाही, आणि याचा मला गर्व होता, तो लपवायचं कारण नाही.

मंजुनाथ माझ्या मागं येऊन उभे राहायचे. रिटायर ते माझ्याआधी झाले होते, एका कॉलेजच्या ऑफिसात सुपरिंटेंडंट होते, आणि रिटायर झाल्यावर भाजी आणणं, कॉफीची पूड दळून आणणं आणि माझ्या खुर्चीमागं उभं राहणं ही तीन कामं त्यांनी मनापासून धरली होती. "डोशाला पडलेली भोकं बघून सरकार पेन्शन देतं होय?" असं विचारायचे. मी म्हणायची, सरकार देत नाही, मी फुकट बघते. मग त्यांना आणखी आश्चर्य. कधी एखाद्या ठिपक्यावर मी अडले की खांद्यावरून वाकून बघत आणि म्हणत, "आहे म्हण की ग. बिचारं एवढ्या लांबून आलंय." मी म्हणायची, दया करून दीर्घिका होत नसते. ते म्हणायचे, "तुला ठाऊक." आणि तसेच उभे राहायचे. ते मागं उभे आहेत हे मला त्यांच्या श्वासावरून, दाढीच्या साबणाच्या वासावरून कळायचं. मान वळवून बघावं लागत नसे. आता हे वाक्य लिहिलं आणि थांबले. मान वळवून बघावं लागत नसे, हे मी कौतुक म्हणून लिहायला घेतलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्याचं या गुरुवारी आहे. वयाच्या मानानं थोडं लवकरच, पण डॉक्टर म्हणाले, दोन्ही पिकलेत, कधीपासून दिसत नाही नीट? मी म्हटलं, मला नीट दिसतं. छत्तीस वर्षं प्रकाशशास्त्र शिकवलेल्या बाईचं हे उत्तर. उजव्या डोळ्याची पट्टी निघाली आणि घरी आले तर हॉलची भिंत पांढरी. नुसती पांढरी नाही, धुतल्या लुंगीसारखी पांढरी. आता या भिंतीवरून, रंग दिला तेव्हा, मी आणि मंजुनाथ चार दिवस बोलत नव्हतो. मी पेंटरला पांढरा सांगितला होता आणि माझं म्हणणं, त्यानं क्रीम फासला. मंजुनाथ म्हणत होते, "पांढराच आहे की." पेंटर म्हणत होता, अक्का, डबा बघा. मी डबासुद्धा क्रीमच आहे म्हणाले. दोन वर्षं त्या भिंतीखाली बसून मी मनात त्या पेंटरला शिव्या दिल्या, आणि भिंत पांढरी होती. मला हसू आलं आणि ते सांगायला मी मागं वळले.

त्याच दिवशी, नव्या डोळ्याची चैन म्हणून, मी फोनमधले जुने फोटो उघडले. बागेतला जास्वंद बघितला, नेसलेली साडी बघितली. मग मागच्या श्रावणातला एक फोटो आला. आमच्या अत्तेंच्या, म्हणजे माझ्या सासूबाई शकुंतलाबाईंच्या, डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशीचा. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात अत्ते बसल्यात, डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि शेजारी मंजुनाथ, त्यांचा हात हातात घेऊन, माझ्याकडं बघून हसताहेत. फोटो मीच काढलेला. मंजुनाथ पिवळे होते. कपाळ, गाल, गळा, आणि डोळ्यांत जिथं पांढरं असायला पाहिजे तिथं हळद. मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि तांदूळ निवडायला घेतले. निवडलेलेच तांदूळ होते ते.

या फोटोनंतर एकोणीस दिवसांनी आमची शेजारीण नागरत्ना लेकीकडून तीन महिन्यांनी परत आली, फाटकाशी मंजुनाथना बघून तिनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "अय्यो, राव, हे डोळे असे काय?" ते पहिलं. सगळ्यांना मी हेच सांगत आले, नागरत्नाला पहिल्यांदा दिसलं. मग तपासण्या, मग स्वादुपिंडात गाठ, मग सात आठवडे. दसऱ्याची रोषणाई अजून काढायची होती तेव्हा ते गेले. डॉक्टरना मी विचारलं होतं, आधी आलो असतो तर? ते म्हणाले, या दुखण्यात दोनतीन आठवड्यांनी फार फरक पडत नाही. 'फार' हा शब्द त्यांनी दयेनं वापरला की हिशेबानं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण मला फरकाचं नाही पडलं. मला पडलंय ते दुसरंच. मी त्या माणसाबरोबर रोज तीनदा जेवत होते, कॉफी पीत होते, आणि तो माणूस माझ्यासमोर हळूहळू पिवळा होत होता, आणि मी बघत होते की नव्हते? मला दिसत नव्हतं, की मी बघत नव्हते? या दोन्हींत मोठा फरक आहे. पहिल्यात मी बिचारी आहे. दुसऱ्यात मी कोण आहे ते माझ्याच्यानं म्हणवत नाही. तीन आठवडे मी हेच घोळवतेय आणि कुणाला बोलले नाही.

म्हणून सोमवारी, हरिणीवरचा राग गेल्यावर, त्या तक्त्यातलं पहिलं चित्र उघडून मी उजवा डोळा हातानं झाकला. डाव्या, म्हणजे जुन्या डोळ्यापुढं चित्र चहाच्या गाळण्यातून पाझरल्यासारखं झालं. काळं आभाळ तपकिरी, तारे लोण्याच्या रंगाचे, आणि मधला तो ठिपका, तांबूस, कडा विरलेल्या. आहे. शंकाच नाही, आहे. मग डावा झाकला. तारे निळसर पांढरे, टोचणारे, आणि मधे दोन ठिपके शेजारीशेजारी, फिकट. नाही. पुन्हा उजवा झाकला. आहे. डावा झाकला. नाही. असं मी किती वेळ करत बसले कोण जाणे, दारावर कोथिंबीरवाली हाक मारून गेली तेही ऐकलं आणि उठले नाही. वीस चित्रं केली. म्हणजे धूळ दोन ठिकाणी होती. एक तिथं, आभाळात, आणि एक माझ्या डोळ्याच्या भिंगात, आणि दुसरीचा रंग मी पहिलीच्या खात्यावर लावत होते. मोतीबिंदूचं भिंग पिवळं होतं, निळं गिळून टाकतं, सगळं थोडं तांबूस दिसतं. हे मी वर्गात शिकवलेलं आहे. फळ्यावर डोळा काढून, भिंगात पिवळा खडू घासून. माझ्या सगळ्या 'आहे' त्या पिवळ्या खडूच्या होत्या.

खरं म्हणजे मला वाईट वाटायला पाहिजे होतं. तीन वर्षांचं काम गेलं, हरिणीनं ज्या याद्यांवर लेख लिहायला घेतला होता त्या गेल्या, तिला त्या पट्ट्यामागं एक दीर्घिकांचा थवा सापडतोय असं वाटत होतं तो बहुतेक माझ्या डोळ्यातला कचरा होता. पण मला इतकं हलकं वाटलं की मी उठून देवापाशी दिवा लावला, अकरा वाजता, आंघोळ झाल्यावर एकदा लावलेला असताना. कारण भिंत मला क्रीम दिसत होती, तारे लोण्यासारखे दिसत होते, जग सगळंच पिवळं होतं, मग त्यात एक माणूस आणखी थोडा पिवळा झाला तर तो मला वेगळा कसा दिसावा? दिसणारच नाही. शास्त्रच आहे ते. मी बघत होते. दिसत नव्हतं. मी ते दोनतीनदा मोठ्यानं म्हणून बघितलं. अत्ते आतल्या खोलीतून म्हणाल्या, "कोण आलंय ग?" मी म्हटलं, कोणी नाही.

एक गोष्ट मात्र केली नाही. फोन तिथंच होता. तो फोटो काढून उजवा डोळा झाकून बघणं एवढंच करायचं होतं. जुन्या डोळ्याला ते पिवळे दिसले नाहीत की झालं, सुटले. मी फोन हातात घेतला आणि ठेवला. स्वतःला सांगितलं, याचा उपयोग नाही, मला आता ठाऊक आहे, ठाऊक असलेल्या माणसाची साक्ष आम्ही धरत नाही. म्हणून तर चित्र बघणाऱ्याला काही सांगायचं नाही असा नियम. हे बरोबरच आहे, शास्त्राला धरून आहे. पण मी ते शास्त्रासाठी म्हटलं नाही, भीतीनं म्हटलं, हेही लिहून ठेवते.

हरिणीला मी त्याच दुपारी लांबलचक मेल लिहिली. तीत मोतीबिंदू, पिवळं भिंग, एक डोळा झाकून केलेली वीस चित्रं, सगळं सविस्तर लिहिलं. शेवटी लिहिलं, माझी ऑपरेशनच्या आधीची यादी संपूर्ण रद्द करावी, उपकरण सदोष होतं. उपकरण म्हणजे मी. हा शब्द लिहिताना मला इतकं समाधान झालं की मी तो पुन्हा एकदा वापरला. मंगळवार चांगला गेला. कुक्करहळ्ळी तळ्यावर फेरी मारून आले. पाण्यावरची बदकं उजव्या डोळ्यानं पांढरी, डाव्यानं हळदीत बुचकळलेली, आणि मला दोन्ही आवडली. येताना बाजारातून मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, कळ्या आणल्या, अत्तेंना गजरा गुंफायला. त्यांचा एकच डोळा झालाय, उजवा, मागच्या श्रावणात. डावा करू म्हटलं तर नकोच म्हणाल्या, आणि त्यानंतर घरात जे झालं त्यात मी आग्रह करायला भानावर कुठं होते. भित्र्या आहेत, असं मला वाटायचं. तशा त्या भित्र्या नाहीत. सरगूर गावच्या. त्यांचे वडील वेंकोजीराव तिथं काविळीचं झाडपाल्याचं औषध द्यायचे, पहाटे अनोशापोटी, आणि लहानपणी अत्ते पिवळ्या माणसांच्या रांगेत वाट्या फिरवायच्या. हे सगळं त्या सांगायला लागल्या की मी मनात विषय बदलायची. झाडपाल्याच्या औषधाचं मला काही सोयरसुतक नाही.

बुधवारी दुपारी हरिणीचा फोन आला. ती कन्नडात बोलते, मी कन्नडातच उत्तरं देते, इथं मराठीत लिहिते. "मॅडम," ती म्हणाली, "यादी रद्द करायची नाही." मी म्हटलं, माझी मेल वाचली नाहीस का? तिनं वाचली होती, दोनदा. पण सकाळीच रेडिओ दुर्बिणीचे आकडे आले होते. रेडिओ लहरींना धूळ अजिबात अडवत नाही, दीर्घिकेतल्या हायड्रोजनची खूण त्या थेट आणून देतात, अंतरासकट. आमच्या भांडणातल्या एकसष्टपैकी अडतीस जागा त्या दुर्बिणीनं तपासल्या होत्या. "अडतीसपैकी एकतीस खऱ्या आहेत, मॅडम. तुमचा मोतीबिंदूवाला डोळाच बरोबर होता. नवा डोळा त्या वाया घालवतोय. तो थवा आहे, मॅडम. खरोखर आहे."

मी विचारलं, हे कसं शक्य आहे? तिनं तेही शोधून ठेवलं होतं. प्रत्येक चित्रावर आपण किती वेळ थांबतो याची नोंद यंत्र करतं. ऑपरेशनच्या आधी मी एका चित्रावर सरासरी चाळीस सेकंद थांबत होते. आता नऊ. "आता तुम्हाला लख्ख दिसतंय ना," हरिणी हसत म्हणाली, "म्हणून तुम्ही पटकन नाही म्हणून मोकळ्या होता. तेव्हा नीट दिसत नव्हतं म्हणून तुम्ही बघत बसायचा. रंगाचा फरक थोडा असेल, पण मुख्य ते. तुमची बघायची पद्धत चांगली होती, मॅडम. खरं तर उद्याचं ऑपरेशन करूच नका." मग ती लेखात माझं नाव पहिल्या तिघांत घालणार असल्याचं बोलली. मी सरी, सरी, बरं बरं म्हणत राहिले. मग फोन ठेवला.

चाळीस सेकंद. त्याच पिवळ्या, सदोष डोळ्यानं मी कोट्यवधी प्रकाशवर्षांवरचा, धुळीच्या पलीकडचा ठिपका ओळखत होते, कारण मी त्याच्यापाशी चाळीस सेकंद थांबत होते. मी मंजुनाथकडं सलग चाळीस सेकंद कधी बघितलं होतं? मी आठवू लागले. श्रावणातला एखादा दिवस घेतला. सकाळी ते पेपर वाचताहेत, मला पेपर दिसतो, पेपरामागचं तोंड दिसत नाही. ते ताट वाढताहेत, मला हात दिसतो, हातातला पळीभर सार. स्कूटर काढताना पाठ दिसते. ते खुर्चीमागं उभे आहेत, साबणाचा वास येतो. सगळीकडं ते आहेत आणि तोंड कुठं नाही. आठवणीत मी त्यांच्या तोंडापाशी गेले की तिथं तो फोटोच येतो, नंतर बघितलेला, पिवळा, आणि माझं स्वतःचं काही सापडत नाही. कदाचित सगळ्या बायकांचं असंच असेल. कदाचित तीस वर्षांनंतर नवऱ्याकडं कोण बघतं. पण मग डोळ्याची सबब गेली, आणि ती जाऊ नये म्हणून मी टेबलाशी बसून तीच चित्रं पुन्हा उघडत होते, एक डोळा झाकत होते, दुसरा झाकत होते, आणि आता दोन्ही डोळ्यांना काही कळेना. आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही. तिसऱ्या बटणावर बोट ठेवलं आणि दाबवेना.

शेवटी मला आमचाच नियम आठवला. स्वतःचं स्वतःला कळेनासं झालं की दुसऱ्या बघणाऱ्याला विचारायचं, त्याला काही न सांगता. घरात तेव्हा दुसरं माणूस एकच होतं. अत्ते बाहेरच्या कट्ट्यावर केळीच्या सोपाचा दोरा पायाच्या अंगठ्याला गुंडाळून कळ्या गुंफत बसल्या होत्या. चार वाजले असतील. समोरून सिटी बस गेली. मी त्यांच्याशेजारी बसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "अत्ते, मागच्या श्रावणात, तुमच्या ऑपरेशनच्या आधी, हे तुम्हाला कसे दिसत होते?"

"कोण, मंजू? पिवळा दिसत होता की," अत्ते म्हणाल्या. कळ्यांवरची नजर त्यांनी काढली नाही.

त्यांनी दोन कळ्या जोडीनं ठेवून दोरा आवळला.

"हळदीचं पाणी अंगावरनं गेल्यागत. पहिल्यांदा डोळ्यांत उतरतं ते, मग खाली येतं. सांगितलं की तुला."

"मला? कधी?"

"हितंच. तू फोनवर काय तर बघायला लागली होतीस. म्हटलं, सौम्या, मंजूच्या डोळ्यांत पिवळं उतरायला लागलंय, सरगूरला नेऊन दाखवू या. तू म्हणालीस, अत्ते, ते पिवळं ह्यांच्यात नाही, तुमच्या डोळ्यात आहे. मोती पिकला की सगळंच पिवळं दिसतं. मला समजावून सांगितलंस, चांगलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरची तारीख घेतलीस."

मला हे आठवत नाही. हे लिहितानासुद्धा आठवत नाही. वाक्य माझंच आहे, त्यात शंका नाही, ते पिवळं त्यांच्यात नाही, तुमच्या डोळ्यात आहे, असं वाक्य म्हैसुरात दुसरं कोण बोलणार. मी पिवळ्या माणसांच्या रांगेत वाढलेल्या बाईला सांगितलं की तुझं उपकरण सदोष आहे, आणि दुरुस्तीला घेऊन गेले. ज्याला न्यायचं तो माणूस स्कूटरवरून डबा, थर्मास, औषधाच्या चिठ्ठ्या आणत नेत होता. मी दोघांचा फोटो काढला.

"पट्टी काढल्यावर?" मी विचारलं. माझा आवाज मला वर्गातला वाटला.

"पट्टी काढली तवा समोर तोच होता. हात धरून बसलेला. जास्तच पिवळा दिसला. भिंत पांढरी, नर्सबाईचे कपडे पांढरे, आणि हा तसला."

"मग बोलला का नाही तुम्ही? मला, डॉक्टरना, कुणाला तरी?"

अत्तेंनी दोरा सोडला. पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं, मान जराशी वळवून, उजवा डोळा पुढं करून. "मला वाटलं, ऑपरेशन बिघडलं. तू एवढी शिकलेली, तू सांगितलं होतंस पिवळं डोळ्यात असतं म्हणून. म्हटलं, थोडं राहिलं असेल आत. तू केवढी पळापळ केलेलीस माझ्यासाठी, तुला आणि वाईट वाटायला नको. म्हणून गप बसले."

"आणि दुसरा डोळा..."

"एक बिघडलेला पुरे की, दुसरा कशाला," त्या म्हणाल्या.

परत एक बस गेली. मला बोलायचं होतं ते बरंच होतं आणि त्यातलं एकच तोंडातून आलं. मी म्हटलं, "अत्ते, ऑपरेशन बिघडलं नव्हतं."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "नागरत्ना आली त्या दिवशी कळलं."

त्यांनी दोऱ्याचं टोक उचलून माझ्या हातात दिलं, ताणून धर म्हणाल्या, आणि उरलेल्या कळ्या एकेक करून बसवायला लागल्या. मी धरून बसले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. माळ संपत आली तेव्हा त्यांनी विचारलं, "उद्या तुझा डोळा. पट्टी परवा काढणार ना?"

"हो, परवा सकाळी."

"मी येते. पट्टी काढतात तवा समोर कुणीतरी पाहिजे."